नॅस्कारची शर्यत दुपारी एकला सुरू व्हायला काय हरकत आहे?

शार्लटकर

मंडळी, या विभागात फॉर्म्युला वनवर भरभरून लिहिलं जातं, नॅस्कारवर, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींवर, फार कमी. मी नॉर्थ कॅरोलायनात शार्लटला राहतो. बहुतेक संघांच्या कार्यशाळा आमच्या आसपासच्या मूर्सव्हिल, कॉनकॉर्ड, हंटर्सव्हिल पट्ट्यात आहेत. शेजारी, मुलांच्या मित्रांचे आईवडील, कुणी ना कुणी या धंद्यातलं निघतंच. त्यामुळे हा खेळ अंगवळणी पडला आणि आता मनापासून आवडतो. म्हणूनच आज तक्रार करतोय. शर्यती उशिरा सुरू होतात आणि त्याची किंमत तिकीट काढून स्टँडमध्ये बसणारा मोजतो.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. कप मालिकेची, म्हणजे नॅस्कारच्या सर्वोच्च मालिकेची शर्यत साधारण तीन ते चार तास चालते. मोठ्या ओव्हल (लंबगोल) ट्रॅकवर पाऊस पडला की ती थांबवावीच लागते. गुळगुळीत टायर, तिरपी वळणं आणि तो वेग, यात ओल्यावर गाडी चालवणं शक्य नाही. पाऊस थांबल्यावर ट्रॅक वाळवायला पुन्हा तास-दोन तास जातात. म्हणजे हिरवा झेंडा (शर्यतीची सुरुवात) आणि सूर्यास्त यांच्यात जितकी फट, तितकीच शर्यत पुरी होण्याची आशा. पूर्वी रविवारची शर्यत दुपारी एकच्या आसपास सुरू व्हायची तेव्हा ही फट चांगली मोठी असायची. अडीच-तीनला सुरू करता तेव्हा ती तुम्ही स्वतःच्या हाताने कमी करता.

मला यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण वाटतं ते डेटोना 500 चं, 2009 आणि 2010 ही दोन वर्षं शेजारी ठेवून पाहा. 2009 मध्ये हिरवा झेंडा पडला दुपारी पावणेचारच्या सुमारास. 200 पैकी 152 फेऱ्या झाल्या, पाऊस आला आणि शर्यत तिथेच संपवली. मॅट केन्सेथ विजेता. त्याचा दोष काही नाही, पण खेळातली सर्वात मोठी शर्यत तीन चतुर्थांशावर संपली. त्या दिवशी एकला सुरुवात केली असती तर पाऊस येण्याच्या खूप आधी 500 मैल पुरे झाले असते. हिशोब कुणीही करून पाहावा.

पुढच्या वर्षी नॅस्कारने सुरुवातीच्या वेळा एकसारख्या केल्या. पूर्वेकडच्या वेळेनुसार बहुतेक शर्यती दुपारी 1, पश्चिम किनाऱ्यावरच्या दुपारी 3, रात्रीच्या साडेसात. 2010 ची डेटोना 500 एकला सुरू झाली आणि मध्येच ट्रॅकला खड्डा पडला! दुरुस्तीसाठी दोनदा लाल झेंडा, म्हणजे शर्यत थांबवली, मिळून दोन तासांहून अधिक खोळंबा. तरीही शर्यत पुरी झाली, वर जादा फेऱ्याही झाल्या आणि जेमी मॅकमरे जिंकला. एवढा खोळंबा पोटात घ्यायला वेळ होता कारण सुरुवात वेळेवर झाली होती.

मग ही शिस्त का टिकली नाही? पुढच्या वर्षांत वेळा हळूहळू पुन्हा सरकल्या. डेटोना 500 अडीचवर गेली, बाकीच्या कितीतरी शर्यती अडीच, तीन, साडेतीनवर. त्यातही जाहीर केलेली वेळ आणि प्रत्यक्ष हिरवा झेंडा यांत पंधरा-वीस मिनिटांचं अंतर असतं.

न्यू हॅम्पशायरला दिवे नाहीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. जुलै 2021 मध्ये तिथे दुपारी तीननंतर शर्यत सुरू झाली, सुरुवातीलाच पाऊस भुरभुरला, पुढच्या गाड्या घसरल्या, काइल बुशची गाडी बाद झाली आणि दीड तासाहून जास्त वेळ थांबावं लागलं. शेवटी अंधारामुळे 301 ऐवजी 293 फेऱ्यांवर शर्यत संपवली. जुलै महिन्यात, जेव्हा दिवस एवढा मोठा असतो! एकला सुरू केली असती तर अंधाराचा प्रश्नच आला नसता.

माझा स्वतःचा अनुभव. मुलांना घेऊन दिवे नसलेल्या एका ट्रॅकवर गेलो होतो. सुरुवात उशिरा, मग पाऊस, मग वाट बघणं. निम्मं अंतर झालं की निकाल अधिकृत धरता येतो, तसंच झालं. तिकीट वसूल झालं असं नियम म्हणतो. धाकटी विचारत होती, "बाबा, संपली का? शेवटची फेरी कधी झाली?" तिला समजावून सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं. पुढे अंधारात पार्किंगमधून बाहेर पडायला लागलेला वेळ, घरापर्यंतचा रस्ता आणि सकाळी शाळा.

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्या ट्रॅकवर दिवे नाहीत तिथे आणि ज्या रविवारनंतर सोमवारी कामाचा दिवस आहे तिथे, हिरवा झेंडा स्थानिक वेळेनुसार एकच्या आत पडला पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

डावं वळण

शंभर टक्के सहमत. आम्ही अटलांटाजवळ राहतो, टॅलाडेगाला जाणं होतं. तिथून परत येताना राज्य बदलतं आणि घड्याळही एक तास पुढे जातं. अलाबामात संध्याकाळी सहा वाजता निघालात तर जॉर्जियात सात वाजलेले असतात, वर हजारो गाड्या एकाच महामार्गावर. अर्धा स्टँड आसपासच्या राज्यांतून आलेला असतो आणि त्यातल्या बहुतेकांना सोमवारी कामावर हजर व्हायचं असतं. टीव्हीवर बघणाऱ्याला शर्यत संपली की फक्त सोफ्यावरून उठायचं आहे. वेळ ठरवणाऱ्यांनी एकदा आमच्याबरोबर गाडीत बसून परत यावं.

आणि टॅलाडेगाचंच उदाहरण तुमच्या बाजूने देते. मे 2013. शर्यत तिथल्या बाराच्या सुमारास सुरू झाली, पावसाने साडेतीन तासांहून जास्त खाल्ले, तरी अंधार पडता पडता पुरी झाली. डेव्हिड रेगन कुठून तरी मागून आला आणि जिंकला. छोट्या संघाची ती गाडी, त्यांच्यासाठी तो केवढा मोठा दिवस होता! दोन तास उशिरा सुरुवात झाली असती तर तो शेवट आपल्याला कधीच दिसला नसता.

सॅक्रामेंटोकर

दादा, तळमळ समजते, पण आमच्या पश्चिम किनाऱ्याच्या बाजूने पण बघा. तुमचे दुपारचे एक म्हणजे आमचे सकाळचे दहा. रविवारी सकाळी दहाला इथे कोण टीव्हीसमोर बसतं? मुलांचे खेळ, बाजारहाट, कुणाची देवळातली पूजा. तीनला सुरू झाली की आमच्याकडे बारा, जेवणाच्या वेळी सगळे घरात. देश एवढा पसरलेला आहे, चार वेळपट्ट्या आहेत, कुणाला तरी गैरसोय होणारच.

सोनोमा, लास वेगस, फीनिक्स इथल्या शर्यती पूर्वेच्या वेळेने साडेतीनला असतात त्याला तुमची हरकत नसावी. आमच्यासाठी ती भर दुपारच आहे.

शार्लटकर

सॅक्रामेंटोकर, त्याला अजिबात हरकत नाही. म्हणूनच मी "स्थानिक वेळ" असं लिहिलं. सोनोमाला साडेबाराला सुरू होते, उत्तम. प्रश्न पूर्वेकडच्या ट्रॅकचा आहे, जिथे पश्चिमेकडच्या प्रेक्षकाची सोय बघून इथल्या माणसाला अंधारात घरी पाठवलं जातं. 2010 मध्ये नेमका हाच फरक केला होता, पूर्वेला एक आणि पश्चिमेला तीन. म्हणजे तोडगा एकदा सापडलेला होता.

हिशोबनीस

थोडं कडू लिहितो, राग मानू नका.

हा खेळ तिकिटांवर चालत नाही, प्रसारणाच्या पैशावर चालतो. 2025 पासूनचा करार सात वर्षांचा आणि 7.7 अब्ज डॉलरचा आहे. फॉक्सकडे 14 शर्यती, अॅमेझॉन प्राइमकडे 5, टीएनटीकडे 5, एनबीसीकडे 14. आधीच्या करारात प्रसारणाच्या उत्पन्नातला 65 टक्के वाटा ट्रॅकना जायचा, 25 टक्के संघांना, 10 टक्के नॅस्कारला. म्हणजे ज्या ट्रॅकच्या स्टँडमध्ये तुम्ही बसता, तो ट्रॅकसुद्धा मुख्यतः टीव्हीच्याच पैशावर उभा असतो.

आणि वाहिनीला दुपारी चार ते सहाच्या दरम्यान जास्त माणसं घरात सापडतात. शर्यतीचा शेवट, म्हणजे सर्वाधिक प्रेक्षक असलेली वेळ, संध्याकाळच्या कार्यक्रमांना चिकटून आली तर पुढच्या कार्यक्रमालाही फायदा होतो. शरद ऋतूत तर एनएफएल (अमेरिकन फुटबॉल) आहे, एकला पहिले सामने, चारनंतर दुसरे. दोन्हींच्या मधून वाट काढायची तर वेळा विचित्र होणारच.

1979 ची डेटोना 500 आठवा. सीबीएसने पहिल्यांदा 500 मैलांची अख्खी शर्यत थेट दाखवली, ईशान्येकडे बर्फाच्या वादळाने लोक घरात अडकलेले, शेवटच्या फेरीत केल यारबरो आणि डॉनी अॅलिसन एकमेकांवर आदळले, मैदानात हाणामारी झाली आणि रिचर्ड पेटी जिंकला. दक्षिणेतला हा खेळ त्या दिवशी देशभर पोचला तो टीव्हीमुळेच. वाहिनीला शत्रू समजून हा प्रश्न सुटणार नाही.

फ्लोरिडाकाका

हिशोबनीस, 1979 ची ती शर्यतही दुपारी बाराच्या सुमारास सुरू झाली होती हे विसरू नका. टीव्हीने खेळ मोठा केला तो भर दुपारीच.

मी या देशात बऱ्याच वर्षांपूर्वी आलो, आधी ऑर्लँडो, मग डेटोनाच्या जवळ. तेव्हा जुलैची शर्यत, फायरक्रॅकर 400, सकाळी दहाला सुरू व्हायची. सकाळी दहाला! हल्लीच्या मुलांना खरं वाटत नाही. कारण अगदी साधं होतं. फ्लोरिडात उन्हाळ्यात समुद्रावरचा वारा आत शिरतो, दुपारी ढग चढतात आणि दोन-तीनच्या पुढे विजांसह पाऊस. रोजचं. त्या पावसाच्या आधी शर्यत उरकायची आणि दुपारी लोकांनी समुद्रावर जायचं. 4 जुलै 1984 ला रिचर्ड पेटीने 200 वी आणि शेवटची शर्यत जिंकली ती अशाच सकाळच्या सुरुवातीची. अध्यक्ष रेगन यांनी विमानातूनच इंजिनं सुरू करण्याचा आदेश दिला आणि मग ट्रॅकवर आले. देशाचा अध्यक्ष सकाळच्या वेळेशी जुळवून घेऊ शकत होता.

1998 मध्ये डेटोनाला दिवे बसले आणि ही शर्यत रात्री गेली. त्या वर्षी वणव्यांमुळे ती ऑक्टोबरात झाली हा भाग वेगळा. रात्र छान दिसते, मीही बघितली आहे. पण पावसाळी ढग काही साडेसातला घरी जात नाहीत. 2015 मध्ये जुलैच्या शर्यतीला हिरवा झेंडा मिळाला रात्री पावणेबाराच्या सुमारास आणि ती संपली मध्यरात्रीनंतर अडीच वाजून गेल्यावर. डेल अर्नहार्ट ज्युनियर जिंकला आणि शेवटच्या रेषेवर ऑस्टिन डिलनची गाडी उडून जाळीवर आदळली. त्या वेळी स्टँडमध्ये लहान मुलं होती, रात्रीचे अडीच वाजले होते. मला ते दृश्य बघवलं नाही. गाडी कितीही सुरक्षित असो, रात्री अडीचला दमलेली माणसं, दमलेले कर्मचारी आणि दमलेले चालक यांच्या भरवशावर असा खेळ चालवू नये.

नंतर ती शर्यत ऑगस्टच्या शेवटी नेली. पाऊस तिथेही आलाच. 2022 मध्ये शनिवारी रात्रीची शर्यत पावसाने रविवारी सकाळी दहावर ढकलली. म्हणजे नाइलाज झाला की दहा वाजता सुरू करता येतं. मग सगळं नीट असताना का नाही?

डावं वळण

काका, हा प्रतिसाद मी सेव्ह करून ठेवतेय. दहा वाजता सुरू व्हायची हे मला ठाऊकच नव्हतं.

रस्तेवाला

मी डांबरी रस्त्यांच्या कामात आहे, म्हणून वाळवण्याच्या मुद्द्यावर लिहितो. हा मुद्दा चर्चेत कमी येतो आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे.

ट्रॅक वाळतो तो तीन गोष्टींनी: यंत्रं, वारा आणि ऊन. यंत्रांत पूर्वी जेट इंजिन बसवलेले ट्रक असायचे, गरम हवा फेकणारे. 2012 ला वान पाब्लो मोंतोयाची गाडी त्यावरच आदळून भडका उडाला होता, ती डेटोना 500 सोमवारी रात्री सुरू होऊन मध्यरात्र उलटल्यावर, मंगळवारी संपली. 2013 पासून एअर टायटन आला, दाबलेल्या हवेने पाणी बाजूला ढकलणारा. त्याने वेळ बराच वाचतो. पण पृष्ठभागावरचं पाणी गेलं तरी डांबराच्या भेगांत आणि सांध्यांत मुरलेलं पाणी पुन्हा वर झिरपतं आणि तेच धोक्याचं असतं. भर दुपारी पृष्ठभाग तापलेला असतो, तो ओलावा लगेच उडून जातो. सूर्य कलला की डांबर थंड होतं, हवेतली आर्द्रता वाढते आणि तेवढ्याच यंत्रांना दुप्पट झगडावं लागतं.

म्हणून दुपारी दोनला आलेला पाऊस आणि संध्याकाळी सातला आलेला पाऊस सारखा नसतो. 2024 ची कोका-कोला 600, शार्लटची 600 मैलांची शर्यत, बघा. पाऊस थांबला होता, यंत्रं फिरत होती, पण हवेत एवढा दमटपणा होता की ट्रॅक तयार व्हायला मध्यरात्र उलटली असती. 400 पैकी 249 फेऱ्यांवर संपवली. ख्रिस्तोफर बेल विजेता. काइल लार्सन त्याच दिवशी इंडियानापोलिस 500 चालवून विमानाने शार्लटला पोचला होता, हेल्मेट घालून तयार होता, त्याला एक फेरीसुद्धा मिळाली नाही.

उशिरा सुरुवात म्हणजे फक्त उजेड कमी एवढंच नाही. वाळवण्याची ताकदही कमी.

रातकिडा

मला मात्र रात्रीच्या शर्यती जिवापाड आवडतात आणि त्यांच्या बाजूने कुणीतरी बोललंच पाहिजे.

ब्रिस्टलची रात्रीची शर्यत 1978 पासून आहे. अर्ध्या मैलाचा वाडगा, चहूबाजूंनी उंच स्टँड, दिव्यांत चमकणाऱ्या गाड्या, ब्रेकचे लाल झालेले चक्र. ते दुपारी एकला दिसणारच नाही. कोका-कोला 600 संध्याकाळी सहाला उन्हात सुरू होते आणि रात्री संपते. ट्रॅक थंड होत जातो तशी पकड वाढते, संघांना गाडी सतत बदलत न्यावी लागते. शर्यतीचा अर्धा डाव त्यातच आहे.

आणि उष्णता? जून-जुलैत दक्षिणेत दुपारी एकला अॅल्युमिनियमच्या बाकावर बसून बघा. गाडीच्या आत 50 अंश सेल्सिअसच्या वर जातं. वयस्क माणसं, लहान मुलं, त्यांना भर दुपारी उन्हात बसवणं हेही प्रेक्षकाचं हित नाही.

शार्लटकर

रातकिडा, तुमच्या बऱ्याच मुद्द्यांशी सहमत आहे. ब्रिस्टल शनिवारी रात्री असते, दुसऱ्या दिवशी रविवार, तिथे दिवेही उत्तम. हरकत नाही. 600 च्या दुसऱ्या दिवशी मेमोरियल डेची सुट्टी, डार्लिंग्टनच्या सदर्न 500 च्या दुसऱ्या दिवशी लेबर डेची. त्या दोन्हींना उशिराची वेळ शोभते, माणसाला झोप काढता येते. माझा विरोध रात्रीच्या शर्यतीला नाही. ती रात्रीची म्हणूनच आखलेली असते, सगळे तयारीने येतात. दिवे नसलेल्या ट्रॅकवर, कामाच्या सोमवारच्या आदल्या दिवशी, दुपारी तीन वाजता सुरू होणारी शर्यत धड दिवसाची नाही आणि धड रात्रीची नाही. तिचं कारण ना उष्णता, ना सौंदर्य. फक्त वाहिनीचं वेळापत्रक.

उन्हाचा मुद्दा मात्र खरा आहे. जून ते ऑगस्टमध्ये दक्षिणेत दिवे असलेल्या ट्रॅकवर शनिवारी रात्री घ्या, किंवा काका म्हणतात तसं सकाळी. साडेतीनला ऊन कमी होतं असं मला तरी जाणवलेलं नाही.

पुण्याची प्रेक्षक

नमस्कार. मी पुण्यातून हा खेळ फॉलो करते, बऱ्याचदा इंटरनेटवर एमआरएन रेडिओचं समालोचन ऐकून. आमचा हिशोब असा. अमेरिकेत उन्हाळी वेळ असताना तुमचे दुपारचे एक म्हणजे आमचे रात्रीचे साडेदहा. जेवून, भांडी आवरून निवांत बसता येतं, दोनपर्यंत संपते. तुमचे तीन म्हणजे आमचे साडेबारा, आणि संपेपर्यंत चार. सोमवारी सकाळी साडेआठची शिफ्ट. फेब्रुवारीत डेटोना 500 अडीचला असेल तर आमचा एक वाजतो, हिवाळी वेळेमुळे.

आमच्यासारख्यांसाठी कुणी वेळ ठरवणार नाही, ती अपेक्षाही नाही. पण एकची वेळ असती तर शार्लटच्या माणसाचं, पुण्याच्या माणसाचं आणि जवळजवळ सगळ्या युरोपचं भलं झालं असतं हे नोंदवून ठेवते. फॉर्म्युला वनची युरोपातली शर्यत आमच्याकडे संध्याकाळी साडेसहाला सुरू होते म्हणून आमच्या ऑफिसात दहा जण ती बघतात. नॅस्कारबद्दल बोलायला मला एकही माणूस मिळत नाही, म्हणून तर इथे येते.

सॅक्रामेंटोकर

ताई, तुमच्या जिद्दीला सलाम. साडेबाराला रेडिओवर शर्यत ऐकणं ही सोपी गोष्ट नाही.

रस्तेवाला यांचा प्रतिसाद वाचून माझं मत थोडं हललंय. पण एक विचारतो. आता ओल्या ट्रॅकसाठी वेगळे टायर आलेत ना? 2024 मध्ये न्यू हॅम्पशायरला त्यांच्यावर शर्यत पुरी केली होती. मग पावसाचा प्रश्न सुटलाच नाही का?

रस्तेवाला

काही अंशी. त्या शर्यतीत दोन तासांहून जास्त थांबल्यावर ओल्या ट्रॅकचे टायर लावून शेवट केला, बेल जिंकला, आणि तो निर्णय फार चांगला होता. जुन्या पद्धतीने ती नक्की अर्धवट राहिली असती. पण हे टायर लहान, त्यातल्या त्यात सपाट ओव्हलवर आणि रोड कोर्सवर (डावी-उजवी वळणं असलेल्या ट्रॅकवर) चालतात. धो धो पावसात नाही, ओलसर ट्रॅकवर. डेटोना, टॅलाडेगा, शार्लट, मिशिगन इथे त्यांचा उपयोग नाही. 2023 आणि 2024, दोन्ही वर्षी मिशिगनची शर्यत सोमवारी संपली.

आणि विजांचं काय? आठ मैलांच्या आत वीज पडली की अर्धा तास सगळं बंद, पुन्हा पडली की घड्याळ पुन्हा शून्यापासून. नियम योग्यच आहे, उघड्या धातूच्या स्टँडमध्ये हजारो माणसं असतात. पण त्यावर कुठलाही टायर उपाय नाही, उपाय फक्त हाताशी वेळ असणं.

हिशोबनीस

मान्य. शिकागोचं उदाहरण मीच देतो, माझ्याच म्हणण्याच्या विरुद्ध जातं तरी. 2023 ला शहरातल्या रस्त्यांवर पहिल्यांदा शर्यत झाली, संध्याकाळकडे झुकणारी वेळ, प्रचंड पाऊस, अंधारामुळे 100 च्या 75 फेऱ्या केल्या. शेन व्हॅन गिसबर्गन पदार्पणातच जिंकला म्हणून ती सगळ्यांना गोड आठवते. 2024 ला पुन्हा उशीर, पुन्हा पाऊस, रात्री 8:20 ची मर्यादा घालून 75 ऐवजी 58 फेऱ्यांवर संपवली, अॅलेक्स बोमन जिंकला. तिसऱ्या वर्षी, 2025 ला, टीएनटीने तीच शर्यत स्थानिक वेळेनुसार दुपारी एकला ठेवली. पूर्ण 75 फेऱ्या झाल्या.

प्राइमनेही 2025 ला मिशिगन आणि पोकोनो पूर्वेच्या वेळेने दोनला ठेवल्या. पोकोनोला पावसाने दोन तासांहून जास्त घेतले, तरी चेस ब्रिस्कोने जिंकलेली ती शर्यत पूर्ण अंतराची झाली. पोकोनोला दिवे नाहीत, हे लक्षात घ्या. प्राइमच्या मागे संध्याकाळच्या बातम्यांचा तगादा नसतो. शर्यतीनंतरही ते तासभर गाड्या, चालक, संघ दाखवत राहिले. म्हणजे जुन्या वाहिन्यांची गरज हीच खेळाची गरज, असं मी जे मांडत होतो त्यात तथ्य कमी आहे. पैसे टीव्हीचेच लागतील, पण तीनची वेळ त्यासाठी अटळ नाही.

फ्लोरिडाकाका

अजून एक. दक्षिणेत रविवारी सकाळी लोक चर्चला जातात आणि इथे तो मुद्दा खरा आहे, ट्रॅकवरही सकाळी प्रार्थनासभा असते. म्हणून रविवारी दहाला मी मागणार नाही. पण एक ही वेळ पूर्वीपासून चर्च आणि जेवण दोन्ही सांभाळूनच ठरली होती.

डावं वळण

मग आता करायचं काय? इथे बोलून आपलं मन हलकं होईल, पण वेळ बदलणार नाही. नॅस्कारच्या फॅन कौन्सिलमध्ये, म्हणजे चाहत्यांची मतं विचारणाऱ्या गटात, शर्यतीनंतर प्रश्नावल्या येतात. मी त्यात आहे. वेळेबद्दल मोकळी जागा असेल तिथे मी दरवेळी लिहिते. आणखी कुणी आहे का?

पुण्याची प्रेक्षक

मी नाही, पण पत्राचा मसुदा करणार असाल तर मी मदत करेन.

शार्लटकर

मी आहे कौन्सिलमध्ये. मसुदा असा ठेवूया. पहिली मागणी, दिवे नसलेल्या प्रत्येक ट्रॅकवर हिरवा झेंडा आणि सूर्यास्त यांच्यात किमान सात तास असावेत. तीन-साडेतीन तास शर्यतीचे, तेवढेच पावसाचे. टॅलाडेगाच्या ऑक्टोबरच्या शर्यतीला हे लावलं तर तिथल्या घड्याळाने अकरालाच सुरुवात करावी लागेल, ते होणार नाही हे मला कळतं, पण बारा तरी व्हायला हवेत. दुसरी, तिकिटावर कार्यक्रमाची नव्हे, प्रत्यक्ष हिरव्या झेंड्याची वेळ छापावी. तिसरी, पावसाचा अंदाज असेल तर सुरुवात अलीकडे ओढण्याचा निर्णय आदल्या दिवशी दुपारपर्यंत जाहीर व्हावा. 2025 च्या डेटोना 500 ला वेळ अडीचवरून दीडवर आणली ते योग्यच केलं, पण लांबून गाडीने येणाऱ्यांना ते वेळेत कळायला हवं.

डावं वळण

चौथी घाला. सोमवारवर ढकलली तर ज्याला थांबणं शक्य नाही त्याचं तिकीट त्या ट्रॅकच्या पुढच्या शर्यतीला चालावं. काही ठिकाणी असं काहीतरी असतं, पण प्रत्येक ट्रॅकचा नियम वेगळा, आणि तो तिकीट काढण्याच्या पानावर कुठेतरी खाली बारीक अक्षरात असतो. सगळीकडे एकच नियम हवा.

शार्लटकर

घातली. पुण्याच्या ताई, आज रात्री मसुदा व्यक्तिगत निरोपात पाठवतो, भाषा तपासून द्या. हिशोबनीस, शिकागो आणि पोकोनोचा परिच्छेद तुम्हीच लिहा, तुमच्याइतका नेमका मला जमणार नाही.

हिशोबनीस

लिहितो. शनिवारपर्यंत देतो.